अवधूताने चंद्राकडे किती रात्री पाहिलं असेल?

दत्तजयंतीच्या अंकात चोवीस गुरूंवर एक तरी लेख असतोच, आणि तो आपण भक्तिभावाने वाचतोही. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर... बऱ्याच जणांना ही यादी पाठ असते. कुणाकडून काय घ्यायचं तेही तोंडपाठ असतं. पृथ्वीकडून क्षमा, आकाशाकडून अलिप्तता, समुद्राकडून गांभीर्य. मला मात्र गेली काही वर्षं एक वेगळाच प्रश्न छळतो आहे. या गुरूंनी शिकवलं कसं?

पृथ्वीने काही अनुग्रह दिला नाही. चंद्राने कानात मंत्र सांगितला नाही. अजगराला तर आपण कुणाचे गुरू झालो याचा पत्ताही नसणार. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, की बाबा रे, काही न करता तू इतका आनंदात कसा? त्यावर अवधूत सांगतो, की माझे गुरू पुष्कळ आहेत आणि ते मी माझ्या बुद्धीने केलेले आहेत. या ‘माझ्या बुद्धीने’कडे आपण फारसं लक्ष देत नाही. शिकवणारा इथे गप्प आहे. सगळी मेहनत शिकणाऱ्याची आहे. बघायचं त्याने, लक्षात ठेवायचं त्याने, अर्थ लावायचा त्याने, आणि अर्थ चुकला तर जबाबदारीही त्याचीच.

चंद्राचंच घ्या. अवधूत म्हणतो, कला वाढतात आणि घटतात, खुद्द चंद्राला काही होत नाही. तसे जन्मापासून मरणापर्यंतचे बदल देहाचे, आत्म्याचे नव्हेत. प्रवचनात हे ऐकलं की आपण मान डोलावतो. पण क्षणभर थांबून विचार करा, चंद्राला काही होत नाही हे कळलं कशावरून? डोळ्याला तर उलटंच दिसतं. लहान मुलाला विचारा, ते सांगेल, चंद्र अर्धा झाला, कुणीतरी खाल्ला. रोज दिसणारी गोष्ट नाकारून ‘चंद्र पूर्णच आहे’ असं म्हणायला काहीतरी आधार लागतो. तो आधार पुस्तकात नव्हता. वरच होता, पण एका रात्रीत दिसणारा नव्हता.

शुद्ध द्वितीयेला किंवा तृतीयेला संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसते. ती नीट न्याहाळा. कोरीच्या कुशीत उरलेला सगळा चंद्र राखाडी, धुरकट असा दिसतो. चष्मा लावून मला दिसतो, तुम्हालाही दिसेल. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, तो परतून चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून तो काळा भाग उजळतो. म्हणजे चंद्र तिथे आहेच, अख्खाच्या अख्खा. दुसरं असं, की चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याच्या दिशेला असते. शुद्ध पक्षात पश्चिमेकडे, वद्य पक्षात पूर्वेकडे. तिसरी गोष्ट पाहायला चिकाटी लागते. वाढत्या चंद्राच्या वाटेत कधी कधी एखादी चांदणी येते, आणि ती काळ्या बाजूला, म्हणजे जिथे ‘काहीच नाही’ तिथे, एकदम विझते. काहीच नसतं तर ती कशामागे गेली?

हे सगळं जुळायला कमीत कमी दोन-तीन महिने रोज वर बघावं लागतं. अवधूताने ते केलं असणार. त्याच्या त्या एका वाक्यामागे किती रात्री आहेत कोण जाणे! आणि हा केवळ कौतुकाचा मुद्दा नाही. चंद्र जर खरोखरच झिजत असता, तर अवधूताचा सगळा दृष्टांत कोसळला असता. मग आत्म्याबद्दल काय म्हणायचं? दृष्टांत म्हणजे नुसतं शोभेचं तोरण नव्हे. त्याच्यावर भार टाकायचा तर तो आधी खरा आहे का हे पाहायला हवं, असं माझं मत आहे.

मी बी.कॉम. झालेला माणूस. सदतीस वर्षं बँकेत लेजर, डे-बुक आणि व्हाउचरांत गेली. २०१६ मध्ये निवृत्त झालो आणि आमच्या सांगलीत घराच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागलो. सवय जाईना म्हणून एक दोनशे पानी वही केली. रकाने पाडले: तारीख, वेळ, दिशा, काय दिसलं, ढग होते का. दुर्बीण नाही. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, एवढंच माझं मोजमापाचं साहित्य.

या वहीतून मला जे कळलं ते कोणत्याही शाळकरी पुस्तकात आहे. तरी ते आपल्या हातच्या नोंदीतून वर आलं की त्याला वेगळं वजन येतं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आज रोहिणीजवळ दिसलेला चंद्र पुन्हा रोहिणीजवळ यायला सत्तावीस दिवस आणि सुमारे आठ तास घेतो. म्हणून तर नक्षत्रं सत्तावीस, एकेका रात्रीचा एकेक मुक्काम. पण पौर्णिमेपासून पौर्णिमा मोजली तर साडेएकोणतीस दिवस भरतात. हा दोन दिवसांचा फरक कुठून आला? तेवढ्या काळात सूर्यही ताऱ्यांमधून पुढे सरकलेला असतो आणि पौर्णिमेसाठी चंद्राला त्याच्या बरोबर समोर यायचं असतं, म्हणून त्याला दोन दिवस जास्त चालावं लागतं. दिवसा तारे दिसत नाहीत, सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे हे कुणी थेट पाहू शकत नाही. तरी फक्त चंद्राच्या हिशेबातून सूर्याची चाल बाहेर पडते. एका खात्यातल्या नोंदीवरून दुसऱ्या खात्याची बाकी काढावी, तसं.

२०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी यांच्यातलं अंतर रोज कमी होताना वहीत आहे. आधी दोन बोटं, मग एक, आणि २१ डिसेंबरला माझ्या डोळ्यांना दोन्ही मिळून जवळजवळ एकच ठिणगी. दत्तजयंती त्यानंतर आठ दिवसांनी होती. दर वीस वर्षांनी हे दोघे भेटतात, पण इतके जवळ क्वचित.

शुक्राची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. २०१७ च्या जानेवारीत संध्याकाळी सात वाजता शुक्र शेजाऱ्यांच्या नारळाच्या बराच वर होता, पश्चिमेला, अगदी लखलखीत. मग तो खाली आला, मावळला, मार्चअखेर पहाटे पूर्वेला निघाला. पुढे वर्षं गेली. दर वर्षी जानेवारीत तो वेगळ्याच जागी. कधी पहाटे, कधी दिसतच नसे. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा त्याच नारळाच्या वर, त्याच वेळी, तितकाच! वही काढून पाहिली. आठ वर्षांनी, दोन-अडीच दिवसांच्या फरकाने, शुक्र आपल्या जागी परत येतो. शेजारी मात्र बदललेले. २०१७ ला जवळपास मंगळ होता, २०२५ ला शनी. हे चक्र बाबिलोनच्या लोकांना आणि अमेरिकेतल्या माया लोकांना कैक शतकांपूर्वी माहीत होतं, हे मी नंतर वाचलं. त्यांच्याकडेही वह्याच असणार, मातीच्या किंवा झाडाच्या सालीच्या.

नाथमहाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, दत्तप्रभूंचे अनुगृहीत. त्यांच्या हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, हीच परमार्थात लाव. या गोष्टीचा अर्थ बहुतेक कीर्तनकार असा लावतात, की हिशेब क्षुद्र आणि परमार्थ मोठा. माझ्यासारख्या कारकुनाला ते पटत नाही. स्वामींनी हिशेब फेकून द्यायला सांगितलं नाही. पैचा फरक दडवून ‘चालतंय’ म्हणणाऱ्या शिष्याला त्यांनी परमार्थाकडे वळवलं असतं का? पुढे याच नाथांनी त्या चोवीस गुरूंचं एवढं रसाळ विवरण केलं.

फरक म्हणजे काय, हे ज्याने लेजर जुळवलं आहे त्याला विचारावं. सहामाहीच्या क्लोजिंगला रात्री अकरा-अकरा वाजायचे. दहा पैशांचा फरक असला तरी खिशातून दहा पैसे टाकून घरी जाता येत नसे. कारण फरक दहा पैशांचा दिसतो, पण त्याच्या पोटात एक नावे बाजूची आणि एक जमा बाजूची अशा दोन मोठ्या चुका लपलेल्या असू शकतात. जुने हेडक्लार्क सांगायचे, फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल, ५४ चे ४५. म्हणजे फरकसुद्धा बोलतो, ऐकणारा हवा.

आकाशाच्या बाबतीत हे आपल्याकडे कुणी ओळखलं होतं? कोकणात, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघव’कार. शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा हा ग्रंथ. ज्या-कोज्यांची कटकट न ठेवता साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढून देणारा, म्हणून पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्याच्यावर चालली. पण मला जास्त मोठा वाटतो तो बाप. केशवाने ग्रह स्वतः डोळ्यांनी पाहिले, सिद्धांतग्रंथांतल्या गणिताशी ताडून पाहिले. एक ग्रह या ग्रंथाशी जुळतो, दुसरा त्या ग्रंथाशी, तिसरा कुणाशीच नाही, असं त्याला दिसलं. ते त्याने लपवलं नाही. उलट लिहून ठेवलं, की काळ जाईल तसा असा फरक पुन्हा पडणार. तेव्हाच्या चांगल्या गणकांनी तेव्हाचं आकाश पाहून दुरुस्ती करावी. आपल्याच पोथीवर आपणच मुदत घालून ठेवणारा माणूस! आर्षग्रंथांबद्दल त्याला आदर नव्हता असं कोण म्हणेल?

आणि फरक पडलाच. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर या मंडळींनी आग्रह धरला की पंचांगातला ग्रह आकाशात दिसला पाहिजे. दृक्प्रत्यय हा त्यांचा शब्द. अयनांश किती धरायचे यावर त्यांच्यातही एकमत नव्हतं, वादही झाले. तो वेगळा विषय. या वादात कुणीही ‘आकाश चुकलं’ असं म्हणत नव्हतं, हे महत्त्वाचं.

तरी, आकाश आणि पुस्तक जुळत नाहीत तेव्हा दुरुस्त काय करायचं हे दरवेळी सोपं नसतं. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालेना. लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं, पलीकडे न दिसणारा एक ग्रह ओढत असला पाहिजे, आणि त्याची जागाही काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. झालं, फरक म्हणजे न दिसणारा ग्रह! पुढे त्याच लव्हेरिएला बुधाच्या चालीत फरक दिसला, म्हणून त्याने सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. लोकांनी तो वर्षानुवर्षं शोधला. तो नव्हताच. शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाएवढासुद्धा नाही, इतका तो फरक. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला तेव्हा तो मिटला. माणूस तोच, युक्ती तीच. एकदा नियम खरा ठरला आणि न दिसणारी वस्तू निघाली, दुसऱ्यांदा वस्तू निघाली नाही आणि नियम बदलावा लागला. आधीच कुणाला सांगता आलं असतं? मधली पन्नास-साठ वर्षं ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडून होती. बँकेत सस्पेन्स खातं म्हणजे कमीपणाचं लक्षण समजतात. मला ते प्रामाणिकपणाचं खातं वाटतं. उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळाल्याचं सोंगही केलेलं नाही.

आता थोडं ध्रुवाकडे वळतो. आमच्या सांगलीतून किंवा नरसोबाच्या वाडीहून ध्रुव क्षितिजापासून सतरा अंशांच्या आसपास दिसतो, म्हणजे दोन मुठींना थोडा कमीच. गाणगापूर, औदुंबर इथेही साधारण तेवढाच. गिरनारला गेलो तेव्हा रात्रीच पायऱ्या चढायला सुरुवात केली होती. मध्ये दम खायला बसलो असताना सहज मूठ धरून पाहिली, तर ध्रुव दोन मुठींच्या वर! जवळजवळ अर्धी मूठ चढला होता. उत्तरेला जाऊ तसा ध्रुव वर येतो, कारण पृथ्वी वाटोळी आहे. शतकानुशतकं वाडीचे लोक गिरनारला जात आले आहेत. दत्तमहाराजांच्या दोन ठाण्यांच्या मधे पृथ्वीचा गोलावा असा उघडा पडलेला आहे.

पण ध्रुव तरी अढळ आहे का? नाही. आज तो खऱ्या उत्तर बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे आणि रोज एक लहानसं वर्तुळ काढतो, पूर्ण चंद्राच्या अडीच पट रुंदीचं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा. पाच हजार वर्षांपूर्वी आजचा ध्रुव त्या जागेजवळ नव्हता, कालेय समूहातला ठुबान नावाचा अंधुक तारा होता. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित तिच्या आसपास असेल. हे एका सत्संगात सांगितलं तेव्हा एक आजी नाराज झाल्या. म्हणाल्या, म्हणजे ध्रुवबाळाची गोष्ट खोटी का? मी म्हटलं, आजी, देवाने त्याला अढळ‘पद’ दिलं. पद कायम असतं, पदावरचा बदलतो. आमच्या शाखेत मॅनेजर बदलायचे, खुर्ची तीच. आजी हसल्या. त्यांचं समाधान झालं का माहीत नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, पण गोष्ट टाकून द्यावी असं मला वाटत नाही आणि आसाचं डुलणं झाकावं असंही वाटत नाही.

कुणी म्हणेल, सगळंच काय स्वतः पाहायचं? चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे हे मी मोजलेलं नाही. नेपच्यून मी पाहिलेला नाही, नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. मी विश्वासावरच घेतो आहे. गुरुवाक्यावर विश्वास हा तर आपल्या संप्रदायाचा पाया. हे खरंच आहे. सगळं स्वतः तपासायचं म्हटलं तर माणूस जेवणारसुद्धा नाही. तरी एक रेघ मला बँकेने शिकवली. कुणी ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणून चेक पुढे सरकवला तरी सही कार्डाशी ताडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, कारण पैसे माझे नसतात. माझ्यापुरतं काही मानलं तर नुकसान माझं. पण माझ्या मानण्याची किंमत दुसरा कुणी देणार असेल, तर मला पाहावंच लागतं.

माझ्या भाचीच्या लग्नाचं २०१८ च्या दसऱ्याच्या सुमारास चाललं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. मुलाकडचे एक वडीलधारे म्हणाले, मुलीचा मंगळ कडक आहे, जमायचं नाही. बोलणी आमच्याच घरी चालली होती. त्या वर्षी जुलैत मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आलेला, तेव्हाही तो साडेसातला दक्षिणेला लालभडक दिसत होता. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि म्हटलं, “पाहुणे, मंगळ कुठला तो ओळखा बघू.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी बोट केल्यावर म्हणाले, “हा होय? मला विमानाचा दिवा वाटला.” आम्ही दोघंही हसलो. खाली येऊन चहा घेतला. आणि तरीही ते म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो, पण पत्रिका ती पत्रिका.” स्थळ मोडलं. माणूस वाईट नव्हता. गोड बोलून गेला. पुढची दोन वर्षं माझी बहीण मुलीच्या नावाने मंगळवार धरत होती आणि पोरगी चार माणसांत यायची टाळत होती. तिचं पुढे चांगलं झालं. पण त्या दोन वर्षांचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? ज्या मंगळाच्या नावाने तो झाला, त्याच्याकडे एकदाही कुणी मान वर करून पाहिलेलं नव्हतं.

पत्रिका पाहणाऱ्या सगळ्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्या गल्लीतले गुरुजी पहाटे उठून ग्रह बघतात आणि मला हाक मारून दाखवतात. त्यांच्याशी माझं जमतं.

२०२५ मध्ये दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. महिन्याचं नाव मृगशीर्षावरून, तरी त्या वेळी पालखीच्या सुमारास चंद्र मृगात नसून कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधे होता. एखाद्या मुक्कामाचा असा फरक पडतोच. पूर्ण चंद्राच्या उजेडात बारीक तारे लोपतात, पण मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो, तांबूस काक्षी दिसते, खाली व्याध दिसतो. त्या वर्षी नऊनंतर पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी एक स्थिर, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका वर येत होता, तो गुरू. प्रसाद घेऊन घरी परतताना पाच मिनिटं थांबावं.

वहीत मी पुढच्या पानांवर काही तारखा आधीच लिहून ठेवल्या आहेत, रकाने रिकामे ठेवून. त्यातली एक २०३३ च्या जानेवारीची आहे. संध्याकाळी सातला शुक्र नारळाच्या वर त्याच जागी यायला हवा. तेव्हा मी सत्त्याहत्तर वर्षांचा असेन. नातवाला वही कुठल्या कपाटात असते ते दाखवून ठेवलं आहे. नारळ तोवर राहील की नाही हे मात्र शेजाऱ्यांवर आहे; ते घर पाडून बांधायचं म्हणत आहेत.